गिअरबॉक्सचं ऑइल म्हणे उणे ४०! जुन्या ऑटोमॅटिकच्या सेन्सरचं कोडं

जुनी_चाकं

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज अडलं म्हणून लिहितोय, तेव्हा आधीच कान पकडतो.

गाडी वीस वर्षांपुढची. चार गिअरचा, इलेक्ट्रॉनिक कंट्रोलवाला ऑटोमॅटिक. थंड असताना अगदी शहाण्या मुलासारखी वागते. वीस-पंचवीस मिनिटं पळाली की मोठ्या रस्त्यावर इंजिनाचे फेरे अचानक तीनेकशेने वाढतात, वेग मात्र तोच. स्कॅनर लावून बसलो तेव्हा गंमत दिसली. गिअरबॉक्स ऑइलचं तापमान २१, ४०, ६५, ८० असं नीट चढतं. मग उगाच ७० होतं, परत ८०, आणि मग धाडकन उणे ४०! दोन-तीन सेकंदांत पुन्हा ७८, जणू काही झालंच नाही. असं चार-पाच वेळा झालं की पी०७१३ कोड येतो, सोबत पी०७००.

सेन्सर बदलून झाला. त्यासाठी गिअरबॉक्सखालचा ऑइलचा पॅन उतरवला, ऑइल आणि फिल्टरही नवीन टाकला. जुना सेन्सर २० अंशाला २.७ किलोओहम दाखवत होता, नवाही तेवढाच. दुखणं जिथल्या तिथे. आता ज्याला विचारावं तो म्हणतो कॉम्प्युटर गेला. तो बदलण्याआधी काय काय तपासू?

तेलकट_तत्त्वज्ञ

आधी ऑइल बदला. बाकी सगळं नंतर.

जुनी_चाकं

बदललंय हो. वर लिहिलंय.

क्लचप्रेमी

डाव्या पायाला काम दिलं नाही की गाड्या असे चाळे करतात. चालू द्या तुमचं.

स्कोपवाली

उणे ४० दिसलं की ते तापमान म्हणून वाचूच नका. हा सेन्सर म्हणजे एक रेझिस्टर आहे, गरम झाला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. कॉम्प्युटर आपल्या आतल्या एका रेझिस्टरमधून ५ व्होल्ट पाठवतो, सेन्सर त्यातले काही अर्थकडे (म्हणजे निगेटिव्हकडे) खेचतो, आणि मधल्या बिंदूवर उरलेल्या व्होल्टेजवरून कॉम्प्युटर तापमान ठरवतो. ऑइल थंड तर व्होल्टेज जास्त, गरम तर कमी. आता वायर कुठेतरी सुटली तर खेचायला कोणी उरत नाही, पूर्ण ५ व्होल्ट दिसतात, आणि कॉम्प्युटर आपल्या तक्त्यातलं सगळ्यात खालचं तापमान सांगून मोकळा होतो. बऱ्याच गाड्यांत ते उणे ४० असतं.

उलट सिग्नलची वायर कुठे अर्थला चिकटली असती तर तुम्हाला १५०च्या आसपास काहीतरी भयंकर दिसलं असतं आणि कोड पी०७१२ आला असता. तुमचा पी०७१३ आहे, म्हणजे व्होल्टेज जास्त. सर्किट उघडं पडतंय. सेन्सर नवा आहे, तर उरतात वायर, कनेक्टर आणि कॉम्प्युटर. मी याच क्रमाने शंका घेईन.

वाचनमात्र

उणे ४० चा एक फायदा. सेल्सियस आणि फॅरनहाइट दोन्ही तिथे एकच असतात, त्यामुळे स्कॅनर कुठल्या एककात बोलतोय ते विचारावं लागत नाही.

गॅरेजकाका

स्कोपवाली ताईंना +१. फेरे का वाढतात ते कोणी सांगितलं नाही म्हणून लिहितो.

ऑइल थंड आहे असं वाटलं की कॉम्प्युटर टॉर्क कन्व्हर्टरचं (इंजिन आणि गिअरबॉक्सला ऑइलमधून जोडणाऱ्या भागाचं) लॉकअप, म्हणजे न घसरणारी थेट पकड, देत नाही, ऑइल लवकर तापावं म्हणून. तुमची गाडी लॉकअपमध्ये मजेत चाललेली असते, मधेच कॉम्प्युटरला वाटतं आपण बर्फात उभे आहोत, तो लॉकअप सोडतो. कन्व्हर्टर घसरायला लागतो, फेरे वाढतात. गाडीवाल्याला वाटतं क्लच प्लेटी गेल्या, गिअरबॉक्स खोला! माझ्याकडे खोलून, परत बांधून, तरी तसाच वागणारा गिअरबॉक्स घेऊन आलेली माणसं मी पाहिली आहेत. आतल्या प्लेटी नव्या कोऱ्या आणि दोष बाहेर कनेक्टरमध्ये.

आणि पी०७०० ला घाबरू नका. तो फक्त इंजिनाच्या कॉम्प्युटरला मारलेली हाक आहे, "माझ्याकडे काहीतरी लिहून ठेवलंय, येऊन वाच." खरं काय ते गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमध्ये असतं. स्वस्तातले बरेच स्कॅनर तिथवर पोचत नाहीत, तुमचा पोचला हे नशीब.

झटपट

एवढं व्याख्यान कशाला? सुई घ्या, वायरच्या आवरणातून आत टोचा, टेस्ट लॅम्प लावा. पाच मिनिटांत कळतं वायर चालू की बंद.

स्कोपवाली

झटपटराव, कृपा करा. साधा बल्बवाला टेस्ट लॅम्प सेन्सरच्या लाइनवर लावायचा नसतो. ५ व्होल्टच्या या वायरीतून काही मिलिअँपिअर वाहतात, तेवढ्यावर बल्ब पेटतच नाही, आणि लॅम्पची दुसरी वायर बॅटरीच्या प्लसला असेल तर नको तिथे १२ व्होल्ट जातात. कॉम्प्युटर गेला नसेल तर मग जाईल. आणि सुईचं भोक म्हणजे पाण्याला आमंत्रण. कनेक्टरच्या मागच्या बाजूने, सीलच्या कडेने बारीक पिन सरकवा, आवरणाला हात लावू नका.

झटपट

ताई, मी वर्षानुवर्षं टोचतोय. काही होत नाही. भोकावर टेप मारायची.

ओहमकार

जुनी_चाकं, तुम्ही सगळ्यात कामाची गोष्ट ओघात लिहून पुढे गेलात. उणे ४० च्या आधी ८० चं ७० होतं. ते "उगाच" नाही.

तुमच्या गाडीच्या पुस्तकात सेन्सरचा तक्ता असेल. ७० आणि ८० अंशाला किती ओहम लिहिलेत?

जुनी_चाकं

आहे. २० ला २.७ किलो, ७० ला ४७०, ८० ला ३५०. (ओहम.)

ओहमकार

झकास. मग हिशोब बघा. ऑइल खरं ८० वर आहे, सेन्सर ३५० ओहम. कॉम्प्युटरला ७० दिसतंय म्हणजे त्याला ४७० जाणवतायत. मधले १२० ओहम कुठून आले? वायरमध्ये कुठेतरी बसलेत.

आता तेच १२० ओहम थंड असताना असते तर? २,७०० चे २,८२० झाले असते, म्हणजे जेमतेम एका अंशाचा फरक, तुम्हाला २० ऐवजी १९ दिसलं असतं आणि कोणाला संशयही आला नसता. गरम असताना तोच दोष दहा अंशांचा. म्हणून सकाळी गाडी थंड असताना मीटर लावून "सगळं ओके" म्हणणारे खोटं बोलत नसतात, ते चुकीच्या वेळी मोजत असतात.

शिवाय तुमच्या बाबतीत तो १२० स्थिर नाहीये. तापलं की वाढतो आणि शेवटी तुटतो. तार पूर्ण तुटलेली नाही, एखाद-दुसऱ्या धाग्यावर लटकतेय असं माझं मत. किंवा कनेक्टरमधली मादी पिन सैल झालीय. जुना सेन्सर फेकला नसेल तर जपून ठेवा, तो निर्दोष आहे.

वाचनमात्र

वाखु (वाचनखूण) साठवली. "चुकीच्या वेळी मोजत असतात" हे आमच्या ऑफिसलाही लागू.

न्यूट्रल

अवांतर होतंय पण विचारतो. माझ्याही जुन्या ऑटोमॅटिकला सेन्सरचाच त्रास आहे. पार्कमध्ये लावली तरी डॅशवर कधी पी, कधी काहीच नाही. स्टार्टर कधी फिरतो, कधी नाही. लिव्हर थोडा हलवला की फिरतो. कोड पी०७०५. सेन्सर बदलू का?

गॅरेजकाका

न्यूट्रलभाऊ, नाव सार्थ केलंत. तुमचा रेंज सेन्सर, म्हणजे जुन्या भाषेत न्यूट्रल स्विच. बदलण्याआधी दोन गोष्टी बघा. लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत जी केबल जाते तिचं बूश झिजलं असेल तर लिव्हर पार्कला आणि आतला शाफ्ट पार्कच्या अलीकडे राहतो. मग सेन्सर बिचारा जे आहे तेच सांगतो. दुसरं, बऱ्याच सेन्सरचे बोल्ट लांबट खाचेत असतात, म्हणजे तो थोडा फिरवून बसवता येतो. गिअर न्यूट्रलला ठेवून खुणा जुळवायच्या आणि मग आवळायचं. कोणी तरी काम करताना तो हलवून ठेवला असण्याची शक्यता भरपूर.

आणि हो, चाकांना दगडाची किंवा लाकडाची ओट लावल्याशिवाय गाडीखाली जाऊ नका. न्यूट्रलमधली गाडी कोणाची वाट बघत नाही.

तेलकट_तत्त्वज्ञ

न्यूट्रल, तुम्ही ऑइल बदललंत का?

क्लचप्रेमी

=)) तत्त्वज्ञांना कोणीतरी आवरा.

हळू_चालवा

माझा अनुभव थोडा वेगळा, पण मुद्दा त्याच जातीचा. माझ्या गाडीत आउटपुट स्पीड सेन्सरचा पी०७२० यायचा. गाडी ६० च्या वेगात असताना कॉम्प्युटरला मधेच शून्य दिसायचं आणि तो लिंप मोडमध्ये (दोष दिसला की जपून चालण्याच्या अवस्थेत) जाऊन तिसऱ्या गिअरला चिकटून बसायचा. दोन वायरीचा सेन्सर, आत चुंबकावर गुंडाळलेली तार. मीटरने ओहम बरोबर, त्यामुळे मी बरेच दिवस वायरींच्या मागे. शेवटी सेन्सर बाहेर काढला तर टोकाला लोखंडी चुऱ्याची दाढी. चुंबक तो, गिअरबॉक्समधला सगळा बारीक चुरा गोळा करतो. पुसून परत लावला, गाडी चालू लागली. नंतर मात्र एवढा चुरा कुठून आला ही काळजी सुरू झाली, ती वेगळी.

स्कोपवाली

चांगलं उदाहरण. त्या दोन वायरीच्या सेन्सरला मीटर एसी व्होल्टवर ठेवून चाक फिरवून बघायचं, वेग वाढला की व्होल्टेज वाढायला हवं. ओहम बरोबर येणं म्हणजे फक्त आतली तार अखंड आहे. तीन वायरीचा हॉल सेन्सर असेल तर त्याला ओहम मीटर लावूच नये, त्यातून काही अर्थपूर्ण कळत नाही. त्याला आधी सप्लाय आणि अर्थ मिळतोय का बघायचं, मग सिग्नल वर-खाली उडी मारतोय का.

आणखी एक, ज्यांना स्पीडचे आकडे विनाकारण थरथरताना दिसतात त्यांनी इंजिन चालू असताना बॅटरीवर एसी व्होल्ट मोजावेत. अर्ध्या व्होल्टच्या वर गेले तर अल्टरनेटरच्या डायोडवर संशय घ्या. ती लहर चुंबकी सेन्सरच्या सिग्नलमध्ये मिसळते आणि गिअरबॉक्स वेड्यासारखा लॉकअप लावतो-सोडतो. मी असा एक "गिअरबॉक्सचा दोष" अल्टरनेटर बदलून बरा केलाय.

जुनी_चाकं

मंडळी, आधी दंडवत. मादी पिना तपासल्या. त्याच मापाची सुटी नर पिन घेऊन एकेकीत सरकवून ओढून पाहिली, सगळ्या सारख्याच घट्ट आहेत. कनेक्टरमध्ये ऑइलही नाही. वायरिंग हाताने हलवून पाहिली, इंजिन चालू ठेवून, थंड असताना. काही फरक नाही. आता काय करू? गाडी गरम होऊन धावत असतानाच दोष येतो, तेव्हा मी खाली कसा असणार?

ओहमकार

खाली असायची गरज नाही. गिअरबॉक्सच्या बाहेरच्या कनेक्टरवर, हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) बाजूने, सेन्सरच्या दोन्ही वायरींना मागून पिन सरकवा. त्यांना लांब वायरी जोडून केबिनमध्ये आणा. सायलेन्सरपासून आणि प्रॉपेलर शाफ्टपासून लांब, नीट बांधून. मीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला. चालवायला एक माणूस, मीटर बघायला दुसरा. चालवणाऱ्याने मीटरकडे बघायचं नाही!

दोष आला की दोन आकडे लिहून घ्या, सिग्नल वायरवर किती आणि रिटर्न वायरवर (सेन्सरकडून कॉम्प्युटरच्या अर्थकडे परत जाणारी) किती.

सिग्नलवर शून्याच्या आसपास आणि तरीही कॉम्प्युटर उणे ४० म्हणतोय, तर कॉम्प्युटरकडून येणारी सिग्नलची वायर तुटलीय. सिग्नलवर ५ आणि रिटर्नवर शून्य, तर सेन्सर किंवा आतली वायरिंग उघडी पडलीय. आणि दोन्हीवर ५ व्होल्ट दिसले तर रिटर्नची वायर कॉम्प्युटरकडे पोचत नाहीये. करंट वाहत नाही म्हणून सेन्सरच्या दोन्ही टोकांना सारखंच व्होल्टेज. या तिसऱ्या प्रकारात लोक हटकून फसतात, कारण अर्थच्या वायरवर ५ व्होल्ट कसे हे डोक्यात शिरत नाही आणि कॉम्प्युटरवर खापर फुटतं.

गॅरेजकाका

ओहमकार, हे छापून गॅरेजच्या भिंतीवर लावतो. मी इतकी वर्षं हातानेच वायर हलवत बसलो.

झटपट

सुई टोचली असती तर आतापर्यंत झालं असतं.

स्कोपवाली

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

जुनी_चाकं

आज केलं. धाकटी बहीण मीटर घेऊन मागे बसली, मी चालवत होतो. तिने वहीत लिहिलेलं जसंच्या तसं देतो.

थंड असताना रिटर्नवर ०.०२. वीस मिनिटांनी, स्कॅनरवर ८० असताना, ०.०३. मग स्कॅनरवर ७० झालं त्या क्षणी रिटर्नवर ०.४! परत खाली. आणि उणे ४० आलं तेव्हा सिग्नलवर ४.९८, रिटर्नवर ४.९७. तीनदा आलं, तिन्ही वेळा तेच. पुढे तिने "दादा समोर बघ" असंही लिहिलंय.

म्हणजे तिसरा प्रकार ना?

ओहमकार

तिसरा, आणि इतका स्वच्छ की पाठ्यपुस्तकात घालावा. वायरिंगच्या नकाशात बघा, ही रिटर्नची वायर आणखी कोणाकोणाला जाते?

जुनी_चाकं

थ्रॉटल पोझिशन सेन्सरला (इंजिनाची हवेची झडप किती उघडी ते सांगणारा). इंजिनाच्या मागे एक सांधा दाखवलाय, तिथून दोन फाटे.

ओहमकार

मग स्कॅनरच्या रेकॉर्डिंगमध्ये त्याच क्षणाला थ्रॉटलचा आकडा काय करतोय? सांधा किंवा सांध्यापासून कॉम्प्युटरपर्यंतचा भाग गेला असता तर थ्रॉटलनेही उडी मारली असती.

जुनी_चाकं

बघितलं. थ्रॉटल १८ टक्के, आधीही आणि नंतरही. ढिम्म.

स्कोपवाली

मग कॉम्प्युटर सुटला निर्दोष. सांध्यापासून गिअरबॉक्सच्या कनेक्टरपर्यंतचा तुकडा, तेवढाच बघायचा. अख्ख्या गाडीतून मीटर-दीड मीटर वायर उरली. गरम होणारी जागा आधी बघा, एक्झॉस्टच्या जवळून कुठे जाते का?

वाचनमात्र

मी इथे बसून नखं खातोय.

जुनी_चाकं

सापडलं!!!

बेल हाउसिंगच्या (इंजिनाला जोडलेल्या गिअरबॉक्सच्या पुढच्या कवचाच्या) वर हार्नेस एका पत्र्याच्या क्लिपमध्ये आहे, एक्झॉस्ट तिथून वीतभर लांब. क्लिपच्या थोडं अलीकडे कोणीतरी पूर्वी काळी टेप गुंडाळलेली. टेप सोडली. आत रिटर्नच्या वायरला एक जागा फुगलेली, आणि तिथे बारीक भोक. आवरण सोलल्यावर आतून हिरवी पूड पडली. तांब्याचे सगळे धागे खाऊन गेलेले, एकच शाबूत होता, तोही माझ्या हातात तुटला.

गाडी मी तिसरा मालक म्हणून घेतलीय. आधी कोणी टोचलं माहीत नाही.

झटपट, तुम्ही कुठल्या गावचे?

झटपट

मी तुमची गाडी जन्मात पाहिलेली नाही, शपथेवर सांगतो.

टेप मात्र मारली होती ना? चांगला माणूस होता.

क्लचप्रेमी

=)) =)) हा धागा वसूल.

गॅरेजकाका

अभिनंदन. आता जोड कसा मारणार? खराब भाग दोन्हीकडून चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापा. ही हिरवी पूड आवरणाच्या आतून बरीच लांब सरकलेली असते. तेवढाच नवा तुकडा घाला. मी सोल्डर करतो.

हळू_चालवा

काका, थरथरत्या जागी सोल्डर? जिथे सोल्डर संपतो तिथे वायर कडक होते आणि त्याच रेषेवर पुढे तुटते. क्रिंप करा (धातूची नळी दाबून जोडा), वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केली की आवळणारी नळी.

गॅरेजकाका

तुटते ती जोड मोकळा लोंबकळत ठेवला तर. दोन्ही बाजूंनी बांधला तर माझे सोल्डर गाड्यांपेक्षा जास्त टिकलेत.

स्कोपवाली

दोन्ही चालतं. चांगला क्रिंप वाईट सोल्डरपेक्षा बरा, आणि उलटही. साध्या पक्कडीच्या दातांत चेपून केलेला क्रिंप मात्र नको. आणि हार्नेस एक्झॉस्टपासून लांब घ्या, नाहीतर आपण पुढच्या वेळी इथेच भेटू.

जुनी_चाकं

क्रिंप केला, गोंदवाली स्लीव्ह घातली, वरून उष्णतारोधक नळी, आणि क्लिप दुसऱ्या बोल्टवर सरकवली. काल तासभर चालवली. ८४ वर जाऊन बसलं ते बसलंच. लॉकअप सुटलं नाही, फेरे जागच्या जागी. रिटर्नवर पूर्ण वेळ ०.०२. कोड पुसले, परत आले नाहीत.

उशिरा_आलो

धागा उशिरा वाचला. माझाही ऑइल तापमानाचाच प्रश्न. इंजिन चालू करून पार्कमध्ये उभा असलो की स्कॅनरवरचं ऑइलचं तापमान इंजिनाच्या तापमानाबरोबर हुबेहूब चालतं. डी मध्ये टाकलं की वेगळा आकडा येतो. मर्सिडीजचा पाच गिअरवाला ७२२.६ आहे. माझीही वायर तुटली का?

स्कोपवाली

नाही, तुमच्या गाडीत ते मुळात तसंच आहे. ७२२.६ मध्ये तापमान सेन्सर आणि स्टार्टरला परवानगी देणारा रीड कॉन्टॅक्ट (चुंबकाने चालणारा छोटा स्विच) एकाच सर्किटमध्ये एकापुढे एक जोडलेत. पार्क आणि न्यूट्रलमध्ये तो कॉन्टॅक्ट उघडा, त्यामुळे सेन्सर कॉम्प्युटरला दिसतच नाही. तेव्हा तो इंजिनाचं तापमान उसनं घेतो. आर किंवा डी ला टाकलं की कॉन्टॅक्ट बंद होतो आणि खरा आकडा येतो. ब्रेक दाबून डी मध्ये आलेला आकडा तेवढा धरा.

उशिरा_आलो

बापरे. मी उद्या सेन्सर मागवणार होतो.

तेलकट_तत्त्वज्ञ

त्याऐवजी ऑइल मागवा.

न्यूट्रल

इकडे माझंही झालं, सांगायचं राहिलं. केबलचं बूश होतं, काका म्हणाले तसं. नवीन घातलं, पी आता पी च दिसतो. आणि हो तत्त्वज्ञ, खाली शिरलोच होतो तर ऑइल पाहिलं. काळंकुट्ट निघालं. बदललं.